पुढच्या मापाची नळी

"माझ्या दादाला येऊ दे," उलिता म्हणाली आणि बाळाच्या नाकावर आडवा हात धरून बसली. "तो हो म्हणाला तरच लावा."

"तुझा दादा येईपर्यंत पोर निळं पडेल. समजतंय का?"

"समजतंय, सिस्टर." पण हात काही काढला नाही.

आठ महिन्यांचं बाळ, नाव मायेसो. न्यूमोनियाने छाती भरलेली, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. खाटेपासून दोन हातांवर ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. राजधानीहून, लिलोंग्वेहून, आलं त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या चार नळ्यांपैकी तीन मुलांच्या नाकात होत्या आणि चौथी रिकामी. आमच्या रुग्णालयात गरजेची वस्तू रिकामी सापडणं म्हणजे सणच की! आणि ही बया म्हणते, दादाला येऊ दे. मी मनातल्या मनात तिच्या दादाला काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

पण आम्हा चेवा लोकांत बहिणीच्या मुलांचा धनी मामा. बाप पोराला खांद्यावर घेऊन मिरवेल, पण अडीअडचणीला शब्द मामाचाच. माझ्याही मुलांना मामा आहे आणि त्याने मला कमी पिडलेलं नाही.

"नको लावूस गं," मलेरिया झालेल्या नातवाला घेऊन बसलेली समोरची म्हातारी म्हणाली. "नळी लागली की मूल जातं."

"मग ही तीन काय वर चाललीत?" मी ओरडले.

"अजून तरी आहेत," म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात लुफेयो आला, धापा टाकत. सायकलच्या मागे गादी बांधून माणसं पोचवणं हा त्याचा धंदा. निरोप मिळाला तेव्हा मागे कुणी मास्तरीणबाई बसल्या होत्या, त्यांना रस्त्यातच उतरवून तो इकडे वळला होता.

"इंजेक्शन द्या, सलाइन द्या, काय वाटेल ते द्या," तो म्हणाला. "नळी नको."

"इंजेक्शन दिलंय. आता त्याला श्वास पुरत नाहीये."

"तमांडाच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

तमांडा उलिताची थोरली. दोन वर्षांची असताना ह्याच वॉर्डात गेली. उलिताला सगळं गाव अजून 'तमांडाची आई' म्हणूनच हाक मारतं. तेव्हा यंत्र नव्हतं. अख्ख्या रुग्णालयात चालू असा एकच सिलेंडर, आणि तो शस्त्रक्रियेच्या खोलीत एका बाळंतिणीला लावलेला. ती बाई सुटेपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग सिलेंडर ढकलत आणला, नळी लावली आणि थोड्याच वेळात पोर गेली. लुफेयोने काय पाहिलं? नळी लावली, पोर गेली. गावोगावच्या मामांनी वर्षानुवर्षं हेच पाहिलंय, कारण आमच्याकडे नळी यायचीच मुळी शेवटी. त्यांच्यावर चिडायचं तरी कोणत्या तोंडाने? पण मी चिडतेच.

"ती नळीने नाही गेली, लुफेयो. नळी उशिरा आली म्हणून गेली."

त्याने पुढे होऊन यंत्राला हात लावून पाहिला.

"आधी मला लावा," तो म्हणाला.

"काय?"

"मला लावा. त्यात काय होतं ते मला कळू दे. मग त्याला."

खाटाखाटांवरच्या बाया हसायला लागल्या. "मामा, तुम्ही गेलात तर सायकल कुणाला?" एकीने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला. चालून चालून वाळलाय बिचारा."

त्याच्या एक मुस्काटात द्यावी असं वाटलं. पण वाद घालायला वेळ कुठे होता? मोठ्या माणसांच्या मापाची नळी खणातून काढली, यंत्राला जोडली, त्याच्या कानांमागून अडकवली. तो गुडघे जुळवून बाकावर बसला, डोळे घट्ट मिटून. एका हातात बहिणीच्या लुगड्याचं टोक पकडलेलं. जरा वेळाने त्याने एक डोळा उघडला.

"सुरू करा ना."

"सुरूच आहे."

"हे?" त्याने नाकाला हात लावून पाहिला. "हा तर नुसता वारा आहे. उतारावर सायकल सोडली की लागतो तसा."

"नुसता वाराच आहे."

त्याने नळी ओढून काढली. मग बाळाच्या नाकावरचा बहिणीचा हात स्वतःच उचलला. "लावा. लवकर लावा, सिस्टर."

ऊन कलेपर्यंत मायेसोच्या ओठांवर रंग आला. दुसऱ्या दिवशी तो आईला लुचायला लागला. लुफेयो घरी गेलाच नाही. मक्याच्या पिठाचा न्सिमा खायचा तोही प्लगशेजारी भिंतीला टेकून. कुणीतरी फोन चार्ज करायला यंत्राचा प्लग काढेल ह्याची त्याला धास्ती. दोघांना त्याने शिव्या घालून हाकलून लावलं.

मायेसो घरी जायच्या दिवशी मी त्याची नळी धूत होते. आमच्याकडे नळी फेकत नाहीत, धुऊन पुढच्या मुलाला लावतात. लुफेयो मागे येऊन उभा राहिला.

"ही त्याची?"

"हो."

त्याने ती तळहातावर घेतली. नाकात जाणारी टोकं तांदळाच्या दाण्याएवढी.

"तमांडाला हीच बसली असती?"

"नाही, ही तान्ह्यांची. तिला पुढच्या मापाची लागली असती."

"दाखवा."

मी खणातून नवीकोरी काढून दिली. त्याने दोन्ही नळ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्या मोठीच्या टोकांवरून अंगठा फिरवत राहिला.

"तेव्हा हे यंत्र असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. आम्हाला रोज बोलावं लागतं. पण त्याच्यासमोर ते मला जमेना.

"बहुतेक वाचली असती."

त्याने मान हलवली. मग दोन्ही नळ्या नळाखाली धरून धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या.

मायेसोला पाठीशी बांधून उलिता सायकलच्या गादीवर बसली. "बसलीस ना नीट, तमांडाची आई?" त्याने विचारलं आणि पायडल मारलं.

मी आत आले. दोरीवर दोन्ही नळ्या ठिबकत होत्या. त्यातली मोठी कुणाला लावलेलीच नव्हती.