उसनं दूध

बाळाने मान फिरवली, पाठीची कमान केली आणि आईच्या मांडीवरून ते ताईकडे झेपावलं.

"बघितलंस?" शेजारीण म्हणाली. "दिवसभर उभं राहून माझे पाय सुजलेत. घरी येऊन आधी ह्याला घेतलं, तर हा माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नाही."

"दमलाय गं. थोडं थांब, परत लाव."

"दमलाय कसला. पोट भरलंय त्याचं. तुझ्याकडे."

शेजारणीने गाऊनची बटणं लावली, एकेक करून, सावकाश. मग बाळाला उचलून तिने ताईसमोर धरलं. "घे. तुझं तूच घे." बाळ ताईच्या खांद्यावर आलं आणि तत्काळ गप्प झालं. ते जरा तरी रडलं असतं तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. कोपऱ्यात बसलेल्या शेजारणीच्या सासूबाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

वस्तीत ह्या बाईला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे दूधताई. तिच्या नवऱ्याला रंगारी म्हणत, कारण तो लोकांची घरं रंगवायचा आणि स्वतःच्या घराला चुना लावायला त्याला कधी वेळ झाला नव्हता. वस्तीतल्या बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करायची, एवढंच ताईचं काम. शिकलेली नर्स येऊन सांगते ते बायका ऐकून घेतात आणि विसरतात. शेजारची, आपल्यासारखीच पोरं वाढवलेली बाई सांगते ते मनावर घेतात, असा अनुभव आल्यावर एका संस्थेने वस्तीतल्याच काही जणींना शिकवून तयार केलं होतं. ताई त्यांतली एक.

शिकवताना मॅडमनी पहिला नियम सांगितला होता तो हातांचा. हात मागे. बाळाला आईनेच धरायचं, आईनेच छातीशी लावायचं. आपण शेजारी बसून फक्त बोलायचं. आपण लावून दिलं तर बाळ तेवढ्या वेळेला पितं, पण आई शिकत नाही, आणि आपण उठलो की पुन्हा तेच रडगाणं. म्हणून ताई कुणाच्याही घरी गेली की पाठीमागे हात बांधून बसायची, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी. बायका हसायच्या. "आली बघा, उंटावरून शेळ्या हाकायला." ताईही हसायची, पण हात मागेच ठेवायची. आणि तिचं बोलणं तरी काय होतं? "पाठ टेकव. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. मान नको दाबू, त्याला त्याचं कळतं." एवढ्यावर कितीतरी घरांतल्या दुधाच्या बाटल्या माळ्यावर गेल्या होत्या.

तिचा हात सुटला तो नेमका शेजारच्या घरी.

शेजारीण बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बाळंतपणाची रजा संपली तसं तिला बोलावणं आलं. नवरा दूरच्या गावी बांधकामावर, त्याचे पैसे आले तर आले. डब्याचं दूध परवडत नव्हतं, आणि वस्तीतल्या पाण्यात ते कालवलं की मुलं जुलाबाने हैराण होत. तेव्हा ठरलं असं, की शेजारणीने सकाळी दूध काढून वाटीत झाकून ठेवायचं आणि सासूबाईंनी ते चमच्याने पाजायचं. ताईने सासूबाईंना दाखवलंही होतं, अर्थात हात मागे ठेवून. पण सासूबाईंचे हात कापत. बाळाला ठसका लागला की त्या घाबरत. पहिल्याच दिवशी वाटी लवंडली.

दोन्ही खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. बाळाचं रडणं ताईच्या घरातच चालल्यासारखं ऐकू येत होतं. तिची स्वतःची मुलगी दोन वर्षांची, झोपताना अजून अंगावर पिणारी, त्यामुळे ताईला दूध होतं. बाळाचा आवाज बसत चालला तसा तिचा गाऊन भिजत चालला. शेवटी ती उठली, शेजारी गेली, बाळाला घेतलं आणि पाजलं. विचार असा काही केला नाही. भुकेलं मूल आणि भरलेली छाती एका पत्र्याच्या अंतरावर असल्यावर काय विचार करायचा?

संध्याकाळी शेजारीण तिच्या गळ्यात पडून रडली. "आठवडाभर एवढं कर. सासूबाईंचा हात बसेपर्यंत."

आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचे महिने झाले. सासूबाईंचा हात बसणार कसा, त्या आता चमच्याला हातच लावत नव्हत्या. बाळ दिवसभर ताईकडे पोटभर प्यायचं आणि संध्याकाळी आईजवळ नुसतं चाळे करायचं. शेजारीण आधी कारखान्याच्या संडासात जाऊन दूध काढायची. बाहेरून दार वाजायचं, मुकादम बोलायचा. गरज नाही म्हटल्यावर तिने तेही सोडलं. आणि दुधाचं विहिरीसारखं असतं, उपसाल तेवढं येतं. हे वाक्य ताईने वस्तीतल्या प्रत्येक बाईला ऐकवलं होतं. शेजारणीची विहीर आपणच आटवतोय हे तिला दिसत होतं. रोज ती ठरवायची, उद्या बोलू. पण बाळाला भूक आज लागलेली असायची.

ती पुरती अडकली. नळावर जाऊन येईपर्यंत पत्र्यापलीकडून रडणं सुरू झालेलं असायचं. पलीकडच्या गल्लीत एक कोवळी पोर बाळंत झाली होती, तिचे स्तन दगडासारखे झाले आहेत असा निरोप दोनदा आला. ताईला जाता आलं नाही, आणि तिसऱ्यांदा निरोप आला नाही. स्वतःच्या मुलीने तर आपणहून सोडलं. एकदा बाळाला ढकलून बघितलं, दोनदा ओरडा खाल्ला, मग ती बापाच्या कुशीत झोपायला लागली. आईकडे पाठ करून झोपलेली मुलगी बघून ताईला वाईट वाटायचं, पण तोवर पलीकडे हाक सुरू झालेली असायची.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," रंगारी म्हणाला.

"कोरडी असते तर सुटले असते हो," ताई म्हणाली.

शेवटी ती मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आधी तिला रक्त तपासायला पाठवलं, कारण दुसऱ्याच्या बाळाला असं न तपासता पाजायचं नसतं. तपासणी चांगली आली. मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं, तुला काय वाटतं?"

"मला तिथून उठायला पाहिजे."

"उठवेल?"

ताईने तपासणीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आणि त्याच संध्याकाळी शेजारणीने बाळ तिच्यासमोर धरलं होतं. तुझं तूच घे.

ताईने बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. ते रडायला लागलं. रडण्याच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, "ऐक माझं. चूक माझी आहे. तुझं दूध मी घालवलं. ते परत येतं, पण त्यासाठी बाळाने तुझ्या अंगावर ओढलं पाहिजे. दिवसाचा दिवस ओढलं पाहिजे."

"दिवसाचा दिवस मी कारखान्यात असते. रजा मागितली की म्हणतील, घरीच बस आता. इकडे आड, तिकडे विहीर." शेजारणीने डोळे पुसले. "उद्या रविवार आहे. सोमवारी मशीनच्या कामासाठी बंद आहे. दोन दिवस. त्यात नाही आला माझ्याकडे, तर मग तो तुझाच. मी नुसती पगार आणणारी."

"दोन दिवस पुष्कळ झाले," ताई म्हणाली. पुष्कळ नव्हते, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी तिने स्वतःचं दूध वाटीत काढलं आणि घेऊन गेली. शेजारीण बाळाला उघड्या छातीशी घेऊन बसली होती. तिच्या अंगावर, वरून, चमच्याने थेंब थेंब दूध सोडायचं; ओघळ खाली आला की बाळाला चव लागते आणि ते ओढायला लागतं, अशी ही युक्ती. आईचे दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा चमचा सासूबाईंकडे आला. त्यांचा हात कापत होता, आणि गंमत म्हणजे ह्या कामाला तसाच हात हवा होता. थेंब आपोआप पडत होते.

पण बाळाला खोलीत ताई असल्याचं कळलं होतं. ते मान वळवून तिला शोधत राहिलं.

ताई घरी आली आणि पत्र्याला तोंड लावून सांगू लागली. "जवळ घे. अजून. घाई नको करू."

"तू बोलू नको," पलीकडून शेजारीण म्हणाली. "तुझा आवाज आला की तो थांबतो."

मग बोलणंही संपलं. ताई पत्र्याला पाठ लावून खाली बसली. पलीकडे बाळ रडत होतं, आधी रागाने, मग हट्टाने, मग नुसतं रडायचं म्हणून. तिचा गाऊन पुढून ओला झाला. मुलगी येऊन उभी राहिली. "आई, तो रडतोय."

"रडू दे."

रंगाऱ्याने विडी विझवली. "माणूस आहेस की दगड? जा की."

"बसा तुम्ही."

"अगं पण—"

"बसा म्हटलं ना."

तिला शेजारणीचा राग आला. जमत नाही तर कशाला मुलाचे हाल करते, असं वाटलं. मग त्याहून वाईट मनात आलं ते असं, की ह्याने तिच्याकडे पिऊच नये. ह्याने असंच आपल्यासाठी रडत राहावं, इतकं की त्या बाईने हार मानून पत्र्यावर थाप मारावी, ये गं बाई, घे तुझं तूच. हे तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने मुलीकडेही बघितलं नाही.

रडणं थांबलं.

थकून झोपलं असेल. दमून झोपलेलं मूल आणि पोट भरून झोपलेलं मूल ह्यांतला फरक बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायला जायचं नव्हतं. ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने दारात सासूबाई आल्या, रिकामी वाटी घेऊन.

"अजून दे थोडं."

"पितोय?"

"पितोय. तुझंच पितोय, पण तिच्या अंगावर."

ताईने वाटी घेतली. आतल्या बाजूला तोंड करून ती भरताना तिला रडू आलं, आणि तेही तिने घाईघाईनेच उरकलं.

सोमवारी वाटी कमी लागली. मंगळवारी शेजारीण कामाला गेली, बाळाला पाजून, आणि सासूबाईंनी दिवसभर चमचा धरला. दूध ताईचं, हात सासूबाईंचे. सांडायचं तेवढं सांडलं. ताईने वाटी मुलीच्या हातून पाठवली, स्वतः उंबऱ्यापाशीही गेली नाही. शेजारीण आता पुन्हा संडासात दूध काढत होती. दार वाजलं तर वाजू दे, मुकादमाचं तोंड आहे, बोलेल. तिचं दूध वाढेल तशी ताईची वाटी उतरत गेली, आणि एका सकाळी मुलगी भरलेली वाटी तशीच परत घेऊन आली. "काकू म्हणाल्या, आता नको."

ताईने थंड पाण्यात बुडवलेलं फडकं छातीवर धरलं आणि ती पडून राहिली. दुखायचं ते काही दिवस दुखलं, मग तेही थांबलं.

शेजाऱ्यांच्या दारावरून नळाला जायचा रस्ता जवळचा होता. बाळाच्या मनातली तिची आठवण पुसेपर्यंत ती गटाराच्या बाजूने, मोठा वळसा घालून जायला लागली. वस्तीचे डोळे काय मिटलेले असतात? दोघींचं फाटलं, असं झालं. नळावर एकजण म्हणाली, "एवढं रक्ताचं पाणी करून पाजलंस. आता तोंडसुद्धा बघत नाही होय गं ती?"

"चालायचंच," ताई म्हणाली.

"काय झालं एवढं?"

"भांडण झालं."

हे सांगून टाकलेलं बरं होतं. खरं सांगितलं असतं तर शेजारणीच्या कोरड्या छातीची गोष्ट घरोघर गेली असती. भांडणाचं काय, वस्तीत कुणाचं झालं नाही? ताई पलीकडच्या गल्लीतल्या त्या कोवळ्या पोरीकडे जाऊन आली. उशीर झाला होता. तिच्या घरी बाटली होती. तरी ताई तिच्याजवळ बसली आणि तिचं ऐकून घेतलं.

पुढे एका सकाळी नळावर गर्दी नव्हती आणि शेजारीण समोरून आली, कडेवर बाळ आणि हातात बादली. दोघी बोलायचं की नाही ह्या विचारात उभ्या राहिल्या. बाळाचे गाल भरले होते. त्याने ताईकडे टक लावून बघितलं, रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं, आणि मग लाजून आईच्या मानेत तोंड लपवलं.

शेजारीण ओशाळली. "अगं, ओळखत नाही तो आता. परका कुणी दिसला की असंच करतो."

"बरंय की," ताई म्हणाली. तिने आपली अर्धी भरलेली बादली नळाखालून काढून बाजूला ठेवली. "भर तू आधी. तुला कामाला उशीर होईल."