उलट आट्याचे दोन व्हॉल्व्ह

"काका, बाकी काही सांगायचं राहिलं का?" लांब्यानं विचारलं.

लोखंडी चावी त्याच्या खांद्यावर होती. छातीएवढी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. बावीस वर्षं ती माझ्या खांद्यावर होती. पालिकेच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह तिनंच उघडायचे, तिनंच बंद करायचे. निवडणुकीत आमचा पक्ष आपटला, पालिका दुसऱ्यांच्या हातात गेली आणि व्हॉल्व्हवाल्याचं कंत्राट त्यांच्या माणसाला मिळालं. त्यांचा माणूस म्हणजे हा लांब्या. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा. दारातून येताना आधी त्याची मान आत यायची, मग सावकाश बाकीचा माणूस.

"काही नाही राहिलं," मी म्हणालो. "उजवीकडे फिरवलं की बंद, डावीकडे फिरवलं की चालू. सोपं काम आहे. चहा घे."

त्यानं चहा घेतला. जाताना वाकून पाया पडला माझ्या.

एकूण एकेचाळीस व्हॉल्व्ह. त्यातल्या एकोणचाळिसांचं मी सांगितलं ते खरं होतं. उरलेले दोन, एक बेकरीसमोरचा आणि एक प्रसूतिगृहाच्या वळणावरचा, जुन्या काळी कुणीतरी स्वस्तात जोडीनं आणलेले. त्यांचे आटे उलटे. उजवीकडे फिरवलं की उघडतात. माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी हातात चावी द्यायच्या आधी मला हे सांगितलं होतं, वर शपथही घ्यायला लावली होती.

मी लांब्याला सांगणार होतो. खोटं कशाला बोलू, आदल्या दिवसापर्यंत सांगणारच होतो. पण आदल्या दिवशी पक्षाच्या ऑफिसात बैठक झाली.

निकालानंतरची पहिली बैठक. माणसं कमी, खुर्च्या जास्त. आमचे भाऊ पंधरा वर्षं पालिकेचे अध्यक्ष होते. आता घरी बसलेले. म्हणाले, "आता आपलं काम एकच. त्यांचा पाय घसरायची वाट बघायची. घसरत नसेल तर जरा तेल ओतायचं."

मास्तरीणबाई उठल्या. आमच्यातल्या निवडून आलेल्या त्या एकट्याच. म्हणाल्या, "भाऊ, लोकांनी आपल्याला हरवलं, त्यात नळांचा काय दोष? ते चुकले तर सभेत त्यांचा कान धरू, मी पहिली उभी राहीन. चांगलं केलं तर हात वर करू. पण गावाच्या जिवावर बेतेल असलं काही मला सांगू नका."

"बाई, हे पोरांना वर्गात शिकवा," भाऊ म्हणाले. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो.

आणि त्या हसण्याच्या भरात बोलून गेलो, "भाऊ, तेल कशाला? दोन व्हॉल्व्ह उलटे आहेत, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

भाऊंनी मला जवळ बोलावलं. शेजारची खुर्ची ओढून दिली. वीस वर्षं मी या पक्षासाठी भिंती रंगवल्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर माझं असं की गावातलं शेंबडं पोरही लांबून ओळखेल. प्रत्येक शब्दाची शेपटी वर गेलेली. त्या वीस वर्षांत भाऊंच्या शेजारी मी कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. एवढंच. त्या खुर्चीसाठी मी गप्प राहिलो.

अकराव्या दिवशी दुपारी बेकरीसमोर ते झालं. वरच्या भागाला जादा पाणी सोडायचं असलं की आधी खालच्या भागाचा हा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. लांब्यावर ती वेळ पहिल्यांदाच आली होती. लांब्यानं उजवीकडे फिरवला. पाणी थांबेना म्हणून अजून जोर लावला. भोपळ्यासारखे दंड आहेत त्याचे. आतला दांडा तुटला, चावी फिरून त्याच्या हातावर बसली आणि सगळा दाब खालच्या जुन्या पाइपात गेला. पाइप फुटला. अर्धं गाव कोरडं पडलं. सहा दिवस.

चौथ्या दिवशी आम्ही मोर्चा काढला. रिकाम्या बादल्या घेऊन. पुढे भाऊ, मागे मी, माझ्या हातात फलक, फलकावर माझंच अक्षर. मास्तरीणबाई आल्या नाहीत. बेकरीसमोर रस्ता खणलेला. खड्ड्यात कमरेएवढ्या चिखलात लांब्या उभा. एक हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातानं गाळ उपसत होता. लोक वरून त्याला नको नको ते बोलत होते. त्यानं वर पाहिलं, मी दिसलो.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं हो. माझंच काहीतरी चुकलं. डोकंच नाही मला."

माझ्या हातातला फलक खाली आला. भाऊ मागे वळून ओरडले, "वर धर की! फोटो काढतायत!"

मी वर धरला.

घरी आलो तर बायको पायरीवर बसलेली. वरच्या भागातून दोन कळशा आणताना तिचा गुडघा धरला होता. मी तेल चोळायला बसलो.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "बेकरीसमोरच्या व्हॉल्व्हचं तुम्ही लग्नानंतर मला सांगितलं होतं. हसत हसत. म्हणाला होतात, तो तुझ्या आईसारखा आहे, सगळ्यांच्या उलट. त्या लांब्याला सांगितलं होतंत ना?"

मी तेल चोळत राहिलो. तिनं पाय ओढून घेतला. साडी नीट केली, भिंतीला धरून उठली आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

लांब्याचं कंत्राट गेलं. त्याच्याच पक्षानं काढलं त्याला, नामुष्की झाली म्हणून. हाताची दोन बोटं वाकायची बंद झाली ती झालीच. भाऊ खूश. परत शेजारी बसवलं मला. हळूच म्हणाले, "बेकरीसमोर तर आता नवाच बसवला त्यांनी. पण प्रसूतिगृहाकडचा जपून ठेव बरं. पुढच्या मतदानाच्या आधी कामाला येईल."

प्रसूतिगृह. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चांगला माणूस होता हो हा. माझ्या आईच्या आजारपणात रात्रंदिवस आमच्याकडे होता. हरल्यावर माणसाचं असं व्हावं? आणि माझं तरी काय वेगळं झालं होतं?

उठलो. खुर्ची जागेवर सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेत गेलो. नव्या अध्यक्षांना सगळं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं, लांब्याचा काही दोष नाही, त्याला परत घ्या. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बघू." त्या 'बघू'त काही नव्हतं. बावीस वर्षं त्या इमारतीत वावरलोय, मला कळतं.

घरी येऊन माळ्यावरचा डबा काढला. प्रचाराचा उरलेला रंग, आमच्या पक्षाचा. भर दुपारी प्रसूतिगृहाच्या वळणावर रस्त्यात फतकल मारून बसलो आणि लोखंडी झाकणावर लिहायला घेतलं. 'हा व्हॉल्व्ह उलटा आहे. डावीकडे फिरवला की बंद.' अक्षर माझंच. बघणाऱ्याला कळणार होतं, हे कुणाला माहीत होतं आणि कधीपासून.

सावली पडली. इतकी लांब सावली दुसऱ्या कुणाची नसते.

लांब्यानं वाचलं. दोनदा वाचलं असावं, बराच वेळ लागला.

"बेकरीसमोरचाही असाच होता?"

"हो."

"मी विचारलं होतं, काका."

"हो रे."

डबा उतारावरून घसरत होता. तो खाली बसला आणि चांगल्या हातानं त्यानं डबा धरला. मी लिहून संपेपर्यंत धरून ठेवला. मग डबा माझ्यापुढे ठेवून उठला. त्याच्या बोटांना आमचा रंग लागला होता. शर्टाला पुसणार होता, पण थांबला. कडेच्या दगडाशी गेला आणि एकेक बोट नीट घासून पुसलं.