दिवाणखान्यातला तुरा

लासुर्ण्याच्या महिपतरावांची सून सुप्रिया बारामती एमआयडीसीत दिव्यांच्या वर्कशॉपात नोकरीला. दुसऱ्यांचे नमुने जुळवता जुळवता तिनं स्वतःचा पहिला दिवा घडवला, छताला टांगायचा, उसाच्या तुऱ्यासारखा. मालक म्हणाले, "आधी घरी टांगा. लोकांनी मागितला तर करायला घेऊ."

पहिला तुरा पितळी तारेचा झाला. सासूबाई सिंधुबाई म्हणाल्या, "खराटा झकास झालाय." मग सुप्रियानं भिगवणच्या कोळ्यांकडून मासे धरायचं नायलॉनचं जुनं जाळं आणलं, धागा धागा उसवून विंचरला. आता उजेड धाग्याच्या टोकापर्यंत उतरला, थंडीतल्या सकाळी फडावर उतरतो तसा. जाळं चारदा धुतलेलं, तरी मांजर दिव्याखाली बसलं ते उठेना.

सुप्रियाचं माहेर भाजीपाल्याचं. तिला तुरा नुसता देखणा दिसला. महिपतरावांना त्यात तोड लांबलेल्या उसाचं घटतं वजन दिसलं.

"शेतात आलाय तेवढा पुरं की! ऊस आतून पोकळ व्हायला लागलाय, आन् हितं घरात तुरा?"

"आबा, पंधरा दिवस तरी राहू द्या."

"आठ. नवव्या दिवशी खाली."

आठवडाभर महिपतरावांचं नवं घर बघायला जो आला त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "महिपतराव, तोड कधी?" शेजारचे गेणबा तर दोनदा आले आणि दोन्हीदा विचारून गेले. महिपतरावांनी दिव्याकडं पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली.

सहाव्या दिवशी साखर कारखान्याचे दिग्विजय साहेब आले. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे तेच ठरवतात. निमित्त नव्या घराच्या चहाचं. बसले नेमके दिव्याखाली. एक घोट, एकदा वर नजर. दुसरा घोट, पुन्हा वर.

"हे काय, तुरा?"

"व्हय," सिंधुबाई बशी पुढं सारत म्हणाल्या. "शेतातला बघायला तुमी येईना, म्हणून सुनेनं घरात आणला. अजून साखर घालू? उसातली तर चालली."

साहेबांना ठसका लागला. तिथंच बसलेल्या गेणबांनी पाठ थोपटली, जरा जोरातच.

आठव्या दिवशी सकाळी तोडणीची टोळी फडात उतरली. महिपतरावांचा नंबर तसाही आलाच होता, असं साहेब अजून सांगतात. ऐकणारे मान डोलावतात.

नवव्या दिवशी सुप्रिया कबूल केल्याप्रमाणं स्टूल घेऊन आली. महिपतरावांची खुर्ची पुन्हा सरळ झाली होती. गेणबा समोर बसले होते.

"सूनबाई, काढतेच हायस तर मला दे. माझा ऊस अजून उभाच हाय."

"त्याला दुसरा करून दे," महिपतराव म्हणाले. "ह्यो हलवायचा न्हाय. पुढल्या साली पण तोड लागंल का न्हाय?"

सुप्रियानं वही काढली आणि गेणबांना विचारलं, "काका, घराची उंची किती?"

"उंचीचं बघ तुझं तू. साहेब बसतील तितं बरोबर डोक्यावर पायजे."