नागडी मालकी

गावाकडे, रत्नागिरीच्या बाजूला, गोवर्धन उपरी होता. उपरी म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा. मालकाने ऊठ म्हटलं की उठायचं. मग तो मजुरीच्या करारावर मॉरिशसला आला. तिथे ऊसमळ्यावरचा करार संपला, बायको कुंती १८५४च्या पटकीत गेली, तरी तो परतला नाही. स्वतःच्या नावाची जमीन हवी, एवढंच डोक्यात होतं.

ग्रां बुआ या गावात एलिझा नावाची, बेटावरच जन्मलेली म्हातारी क्रेओल बाई एकटी राहायची. तिने घर आणि मागचा मळा विकायला काढला. जहाजावरचा सोबती जयदेव थोडं फ्रेंच शिकला होता, म्हणून नोटरीकडे तोच दुभाष्या झाला.

"तुला मिळतेय ती 'न्यू-प्रोप्रिएते'," जयदेव चाचरत म्हणाला. "न्यू म्हणजे नागडी."

"नागडी मालकी?"

"जमीन तुझी. पण मादाम जिवंत आहे तोवर 'युझुफ्रुई' तिचं. रोमन लोकांचा जुना शब्द आहे म्हणे. वापर आणि फळ. राहणार ती, पीक खाणार ती. आपल्याकडचा भोगवटा, तसंच."

"म्हणजे मी तिच्या मरणाची वाट बघायची?"

हे जयदेवने फ्रेंचमध्ये सांगितलं नाही. समोर बसलेली मादाम मात्र गोवर्धनकडेच बघत होती. त्याने मान खाली घालून अंगठा उठवला.

पुढच्या वादळात तिचं छप्पर उडालं. मोठी दुरुस्ती मालकाकडे असते, असं नोटरीने सांगितलं होतं. गोवर्धन दर रविवारी ऊसमळ्यावरच्या मजुरांच्या छावणीतून येऊन छप्पर शाकारू लागला. काम संपलं, तरी तो येतच राहिला. मादाम त्याच्यापुढे लिचीची टोपली ठेवायची.

"फळ तुमचं आहे, मादाम," तो बेटावरच्या बोलीत मोडकंतोडकं म्हणायचा.

"म्हणूनच देतेय. खा."

एकदा त्याने विचारलं, "तुम्हाला कोणी नाही?"

"मुलगा होता. मी गुलाम होते तेव्हाचा. कायद्यात आम्हाला 'मेब्ल' म्हणत. टेबल-खुर्चीला म्हणतात तेच. हलवता येणारी वस्तू." ती लिची सोलत राहिली. "जमीन हलवता येत नाही. मुलाला हलवलं. कुठे, ते कोणी सांगितलं नाही."

गोवर्धनने मग कुंतीबद्दल सांगितलं. या बेटावर पहिल्यांदाच.

मादाम हिवाळ्यात गेली. शेवटचे दिवस तोच तिला पेज भरवत होता. मातीहून परतताना जयदेव म्हणाला, "आता भोगवटाही तुझा. मालकी पुरी झाली." त्याला संध्याकाळच्या आत ऊसमळ्यावर कामाला हजर व्हायचं होतं, तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी एक मासळीवाली कुंपणाशी आली. "मादाम आहे?"

"वारली."

तिने हळूच छातीवर क्रुसाची खूण केली. "मग तू कोण?"

"प्रोप्रिएतेर," गोवर्धन म्हणाला. मालक. हा शब्द त्याने आधी कधी उच्चारला नव्हता.

बाईने मान डोलावली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. तिने आणखी काही विचारावं असं त्याला फार वाटलं. ती उसाआड दिसेनाशी झाली तरी तो कुंपण धरून उभा होता.