पुस्तिकेचं पहिलं पान

द्वारकाबाईनं बारा वर्षांत तीनशे सत्तर बायकांची नावं त्यांच्या घरांच्या उताऱ्यावर चढवली होती, आणि ते काही गोडीगुलाबीनं होत नव्हतं. नवरे भडकायचे, दीर अंगावर धावून यायचे. पण बाई लई खमकी. देवगाव रंगारीहून निघायची, गावोगाव फिरायची, आणि आठवड्यातून एकदा शहरात शहागंजातल्या, बायकांच्या घरहक्कासाठी झटणाऱ्या संस्थेच्या कचेरीत अर्ज आणून द्यायची.

तिथंच तिला चिकोंदी भेटली. आफ्रिकेतल्या मलावी देशातली पोरगी, इथल्या विद्यापीठात समाजकार्य शिकणारी, पडेगावला खोली करून राहणारी. बाप मेला त्याच आठवड्यात काकांनी तिच्या आईला घराबाहेर काढलं होतं, भांडीसुद्धा ठेवली नव्हती. परत जाऊन आपल्या गावात हेच काम उभं करायचं, एवढं एकच वेड तिच्या डोक्यात. सहा महिने ती द्वारकाबाईच्या मागं मागं हिंडली, मोडक्यातोडक्या हिंदीत प्रश्न विचारून तिचं डोकं खाल्लं. बाईनंही हातचं राखलं नाही. नवऱ्याशी आधी बोलायचंच नाय, सासूला गाठायचं. तिला विचारायचं, उद्या लेकानं बाहेर काढलं तर कुठं जाशील? सासू गप्प झाली की अर्धं काम झालं. चिकोंदीनं हे सगळं तिकडच्या बायांसाठी एका पुस्तिकेत उतरवून घेतलं.

जायच्या पंधरा दिवस आधी ती म्हणाली, पहिल्या पानावर तुमच्याच घराचा उतारा छापायचा. तिकडच्या बाया आधी हेच विचारतील, की शिकवणारीनं स्वतः केलं का?

द्वारकाबाई हातातले अर्ज उगीच चाळत राहिली. तिच्या स्वतःच्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव कुठंच नव्हतं. जगाला शहाणपण सांगत फिरणाऱ्या या बाईला बारा वर्षांत नवऱ्यापुढं तोंड उघडायची हिंमत झाली नव्हती. लाज वाटायची, पण भीती त्याहून जास्त. दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या, पोटी मुलगा नाही. नवऱ्यामागं ते घर गेलं तर तिला दुसरा आसराच नव्हता.

त्या दिवशी रात्री घरी तिनं विचारलंच. नवरा, पुंजाराम, जेवून सुपारी कातरत बसला होता. घरावर माझं बी नाव लावा, ती म्हणाली. तो चिडला नाही, ओरडला नाही. उठला, पेटीतनं कागद काढून तिच्यापुढं टाकला. घर त्यानं दिवाळीतच पुतण्याला, कारभारीला, बक्षीसपत्र करून दिलं होतं.

"मला न विचारता?"

"न विचारता कसं? साक्षीदार म्हणून तुझीच सही हाय की."

सही तिचीच होती. दिवाळीत ती अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन सह्या करत बसली होती, कारण गावातल्या प्रत्येक अर्जाला साक्षीदार तीच असायची. त्यातच पुंजारामनं बक्षीसपत्राचं शेवटचं पान सरकवलं होतं. परक्या नवऱ्यांचे कागद दहादा उलटेपालटे करून वाचणारी बाई, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या कागदाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती त्या कागदाची झेरॉक्स घेऊन कचेरीत गेली. संस्थाचालक काकासाहेब घाबरले. दुसऱ्या कुणाचा तरी उतारा छापू, उगीच संस्थेची शोभा नको, म्हणाले. चिकोंदीला रडू आवरेना. पान कोरंच सोडू का, तिनं विचारलं.

"कोरं नको. हाच छाप," द्वारकाबाई म्हणाली. "खाली लिही, या बाईनं तीनशे सत्तर घरं वाचवली, आणि स्वतःचं घर सही करून देऊन टाकलं. नवऱ्याचा कागद आधी वाचा म्हणावं."

चिकोंदीनं तिचा हात घट्ट धरला. द्वारकाबाईनं तो हळूच सोडवून घेतला. पाचची बस चुकवून चालणार नव्हतं, आता कारभारीच्या झालेल्या घरात संध्याकाळच्या भाकरी तिलाच थापायच्या होत्या.