नैवेद्याची वाटी

शांताक्कांनी नैवेद्याच्या चांदीच्या वाटीत कढत पाणी ओतलं आणि काठाखाली चिकटलेलं काहीतरी पांढरंफेक होऊन वर आलं. आधी त्यांना साय वाटली. मग वास आला. घर पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळेचं, उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं. पण शेजारणीच्या चुलीवरचा वास ओळखता येऊ नये इतक्या काही त्या भोळ्या नव्हत्या.

आदल्याच दिवशी रंगराव, त्यांचा एकुलता एक, प्रयोगाला दूध न्यायचं म्हणून ही वाटी कॉलेजात घेऊन गेला होता. रात्री त्या दसऱ्यासाठी राजवाड्याच्या स्वारांच्या कोटांना काजं करत बसल्या असताना त्यानं सगळं समजावलंही होतं.

“प्रोटीन म्हणजे दोऱ्याची गुंडाळी असल्यागत, आई. ती नीट असली तरच त्याचं काम चालतंय. कढवलं की गुंडाळी सुटते, गुंता होतो. मग गार केलं तरी पयल्यागत होत नाही.”

शांताक्का हरखून गेल्या होत्या. सकाळी नळावर चार बायकांना ऐकवूनही आल्या होत्या.

संध्याकाळी रंगराव आला तेव्हा त्यांनी वाटी त्याच्यापुढे ठेवली. “ह्यात दूध नेलतंस काय रे?”

त्यानं मान खाली घातली. “मोट्टे,” तो म्हणाला. घरात त्या वस्तूचं नावच कुणी घेत नसे, म्हणून शब्द कानडीतच आला. “त्यातलं पांढरं. झाकणाची वाटी एवढीच होती.”

“विचारलं असतंस तर दुसरं भांडं दिलं असतं की. बाहेरच ठेवलं असतं.”

“तू बेडा म्हणशील, नकोच म्हणशील, असं वाटलं.”

“कधी म्हटलं रे मी तुला बेडा?”

हे शिक्षण पोराची माळ उतरवेल, असं धाकटे दीर विठ्ठलराव भर भजनात म्हणाले होते. तेव्हा शांताक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. माझा रंगा माझ्याशी खोटं बोलणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. अंड्यापेक्षा त्याचं खोटंच त्यांना जास्त लागलं.

“चिंच लावून घासतो, आई. पयल्यागत होईल.”

“वाटी होईल,” शांताक्का म्हणाल्या आणि काजं करायला बसल्या.

एकादशीला विठोबापुढे दूध पानाच्या द्रोणात आलं. विठ्ठलरावांची नजर तिथंच गेली. “वैनी, चांदीची वाटी कुठं गेली?”

ती रंगरावच्या ट्रंकेत होती, लख्ख घासलेली, पण देवाला आता न चालणारी. भिंतीला टेकलेल्या रंगरावनं हातातले टाळ खाली ठेवले. पण तो बोलायच्या आधीच शांताक्का बोलल्या.

“माझ्याच हातनं हरवली, भावजी. विहिरीवर.”

विठ्ठलराव त्यांच्या वेंधळेपणावर बराच वेळ बोलत राहिले. भजन सुरू झालं, तसा सवयीनं शांताक्कांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मण्यांना लावायच्या आधी त्यांनी तो पदराला पुसला.