माझी करकर गल्लीतून आली

मी दाभोळच्या खाडीकाठच्या एका घराचा मागचा दरवाजा बोलतोय. तुम्ही मला मोबाईलवर बघून घाबरलात म्हणे. खरं सांगू, मी तुमच्यापेक्षा कितीतरी घाबरट आहे.

माझा जन्म एका मोडीत काढलेल्या होडीतून झाला. घराचे मालक बाबाजी, त्यांनी तिच्या फळ्या तासून मला केलं आणि मागच्या गल्लीकडे बसवलं. खाऱ्या वाऱ्याने माझ्या बिजागऱ्या लवकरच गंजल्या. बाबाजी होते तोवर बिजागऱ्यांना खोबरेल मिळायचं. ते गेले आणि घरात त्यांची बायको, धोंडूबाई, एकट्याच उरल्या. मासळी विकणारी बाई, तोंडाने जरा फटकळच. एकदा त्या तेलाची बाटली घेऊन आल्या, तेव्हा शेजारच्या संध्याने त्यांना अडवलं.

"काकी, तेल घालू नको. सकाळी दार वाजलं की मला कळतं, तू उठलीस."

"आणि नाय वाजलं तर?"

"तर मी येईन बघायला."

तेव्हापासून रोज सहाला मी करकरतो. पाठोपाठ धोंडूबाईंचा कोरडा खोकला येतो आणि भिंतीपलीकडे संध्या चहाचं आधण ठेवते. काम एवढंच, पण पावसात मी फुगून अडकलो तर काय, या विचाराने माझा जीव खालीवर होतो.

गेल्या हिवाळ्यात देवरूखहून सूरज आणि रसिका आले. भुताची शॉर्टफिल्म करायला. सूरज दिग्दर्शक, आवाजाचं काम रसिकाकडे. माझी करकर ऐकून सूरज हरखूनच गेला. तो रसिकाला म्हणाला, "अशा सिनेमात दार आपोआप उघडतं. उघडणारा हात दाखवायचा नाही. पहिल्या करकरीला बाहेर नुसतं मांजर. दुसऱ्या वेळी कुणीच नाही. तिसऱ्या वेळी, लोक जरा सैल पडले की दचका द्यायचा."

मी मनात म्हटलं, बाबा रे, इतक्या वर्षांत मी एकदाही आपोआप उघडलेलो नाही. मला कुणीतरी लागतं.

रसिकाने माईक धरला. धोंडूबाईंनी मला ओढलं आणि सवयीने त्या खोकल्या.

"आजी, खोकू नका ना. भूत खोकत नाही."

"मी काय भूत हाय? खोकला आला तर खोकणार मी."

शेवटी रसिकाने कॉम्प्युटरवर तो खोकला कापून टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास ती मंडळी गल्लीत आली. तो निळसर उजेड सिनेमात रात्र म्हणून खपतो. मृणाली नावाची मुलगी केस सोडून, पांढरी साडी नेसून उभी राहिली. कालची करकर ऐकून तिने नेमकं वळावं म्हणून रसिकाने स्पीकर मांडला.

त्याच वेळी आत धोंडूबाई मोरीत घसरल्या. डोकं कट्ट्यावर आपटलं. ओठ हलत होते, पण आवाज फुटेना.

मी स्वतःला समजावलं, आज मी वाजणार नाही, म्हणजे संध्या येईलच. तेवढ्यात गल्लीतून माझी करकर आली. मी बंद, माझी कडी बंद, आणि आवाज माझाच. भिंतीपलीकडे आधणाचं भांडं वाजलं. संध्या निश्चिंत झाली होती.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, सूरजचं म्हणणं खरं व्हावं. सगळा जीव एकवटून मी जोर लावला. एक बिजागरीसुद्धा हलली नाही.

करकर दुसऱ्यांदा आली. मग तिसऱ्यांदा.

"काकी, तीनदा दार उघडलंस, खोकलीस कशी नाय गो?" संध्याने भिंतीपलीकडून विचारलं. उत्तर आलं नाही. ती धावत गल्लीत आली. मला बंद बघितलं, स्पीकर बघितला, आणि काय झालं ते तिला कळलं.

"लाथ घाल रे दाराला!" ती सूरजवर ओरडली.

सूरजने मला लाथा घातल्या, माझी कडी तुटली, आणि तो मार मला गोड लागला.

धोंडूबाई बारा दिवस हॉस्पिटलात होत्या. आता काठी घेऊन चालतात. रसिका त्यांच्या पायाशी बसून रडली. त्यांनी तिला चहा पाजला आणि फिल्म पुरी करा म्हणाल्या. ती झाली, गाजलीही.

संध्याला कधीही आत येता यावं म्हणून नवी कडी बसवलेली नाही. पण त्यामुळे भुताचं दार बघायला येणारं कुणीही मला उघडतं. परवा सकाळी सहाला दोन मुली व्हिडिओ काढायला आल्या. मी करकरलो. त्यांच्यातल्या एकीला ठसका लागला, आणि तो धोंडूबाईंचा खोकला समजून संध्याने आधण ठेवलं. धोंडूबाई तेव्हा अंथरुणातच होत्या. त्या नुसत्या झोपल्या आहेत, हे मला सात वाजता काठी वाजली तेव्हा कळलं. तो एक तास मी कसा काढला, ते माझं मला माहीत.

म्हणून विनवतो, मला उगाच उघडू नका. राहवलंच नाही तर करकर खुशाल टिपून न्या. पण माझ्यापाशी खोकू नका. तेवढा एक आवाज धोंडूबाईंचा राहू द्या.